सहा जणींची ताई

अगं, तुझा मेसेज वाचला. दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवतेस न ठेवतेस तोच मॅडमनी तुला मेंटॉर केलं आणि पहिल्या वर्षाच्या सहा मुली तुझ्याकडे सोपवल्या. वर तू विचारतेस, ‘ताई, मी त्यांना काय शिकवू? मला स्वतःलाच कुठे काय येतं?’ याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून जरा निवांत लिहिते.

शिकवायचं तुला काहीच नाही. त्याला प्राध्यापक आहेत, नोट्स आहेत, यूट्यूब आहे. तुझं काम एवढंच, की भर पावसात एका अनोळखी इमारतीत शिरलेली ती मुलगी गणपतीपर्यंत ‘माझं कॉलेज’ म्हणायला लागली पाहिजे. त्यासाठी तिला बोलावून घेऊन भागत नाही, उठून तिच्यापर्यंत जावं लागतं. आणि गेल्यावर तिची कामं आपण उरकून टाकायची नाहीत. ती करत असताना शेजारी उभं राहायचं. माझं सगळं म्हणणं यात आलं. ऐकायला सोपं वाटतं, करताना कुठे कुठे अडतं ते आता सांगते.

आधी या सहा जणी कोण आहेत ते बघ. आपल्या वसई-विरारच्या कॉलेजात एका बाकावर चार जगं बसलेली असतात. एक नालासोपारा पूर्वेची, घरी भोजपुरी, शाळा हिंदी माध्यमाची. एक नंदाखालची, आजीशी कादोडीत बोलणारी आणि वर्गात मराठी बोलतानाही आपला हेल कुणाच्या लक्षात येईल म्हणून गप्प बसणारी. एक अर्नाळ्याची, आई पहाटे मासळी घेऊन बाहेर पडली की धाकट्या भावाचा डबा करून निघणारी. एक सफाळ्याहून डहाणू लोकलने येणारी. एक पारोळ-भाताण्याकडची, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. आणि एक वसई गावातली, इंग्रजी माध्यमाची, जी पहिल्या दिवसापासून फाडफाड बोलते आणि म्हणूनच जिची विचारपूस कुणी करत नाही. या शेवटच्या मुलीला विसरू नकोस. तिला काही लागत नसेल असं आपण धरून चालतो, आणि तिथेच ती सुटते.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकीकडून एकच माहिती नीट काढून घे: ती येते कशी आणि परत जाते कशी. हे मी फार जीव तोडून सांगतेय. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी त्या बाजूच्या मुलींची सगळी भिस्त शटलवर आणि पॅसेंजरवर असायची. आता लोकल आहे, पण ती चर्चगेट-विरारसारखी पाठोपाठ येत नाही. एक चुकली की प्लॅटफॉर्मवर ताटकळत बसायचं. एसटीने येणाऱ्या मुलीचं तर विचारूच नकोस. तिची गाडी गेली की गेली. आता तू चार वाजता मीटिंग ठेवलीस, तर सफाळ्याची मुलगी ‘हो ताई, थांबते’ म्हणेल. नवीन आहे, नाही कशी म्हणणार? मग घरी पोचायला अंधार पडेल, बोलणी खाईल, असं दोनदा झालं की ती यायची बंद होईल. आणि आपल्या तोंडी एक वाक्य तयार असतं, ‘तिला इंटरेस्टच नाही.’ म्हणून भेटायचं ते मधल्या सुट्टीत, डबा खाताना. सगळ्यांत लांबून येणारीच्या गाडीवरून तुझ्या मीटिंगची वेळ ठरली पाहिजे. नेतृत्वाचा पहिला धडा मला विचारशील तर हाच आहे, बाकीचे नंतर.

पावसाचंही तसंच. आपलं शैक्षणिक वर्ष सुरू होतं तेच ऐन पावसात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, वसई-विरारच्या पट्ट्यातल्या लोकल बंद पडल्या, घरांमध्ये पाणी, वीज गायब. दर वर्षी एवढं होत नाही, पण दर पावसाळ्यात एखादा दिवस तसा उगवतोच. त्या दिवशी ग्रुपवर ‘सगळ्या पोचल्या का?’ असं टाकून मोकळी होऊ नकोस. पाच जणी अंगठा दाखवतात आणि सहावीचा फोन बंद असतो. एकेकीचं नाव घेऊन विचार. त्याहून बरं म्हणजे जूनमध्येच जोड्या लावून ठेव: गाड्या बंद पडल्या तर सफाळ्याची मुलगी वसई गावातल्या मुलीकडे राहील, दोघींच्या आयांचं एकमेकींशी फोनवर बोलणं झालेलं असेल. बघ हं, यातून दोन कामं होतात. लांबच्या मुलीची सोय होते, आणि त्या फाडफाड बोलणाऱ्या मुलीला पहिल्यांदा वाटतं, माझी इथे कुणाला तरी गरज आहे.

आता शेजारी उभं राहण्याचं म्हणाले, ते म्हणजे नक्की काय, ते पासाच्या कन्सेशनवरून सांगते. तुला वाटेल, एवढ्याशा फॉर्मचं काय! पण बारावीपर्यंत बहुतेक मुलींची सगळी कागदपत्रं बाबांनी किंवा दादाने केलेली असतात. कन्सेशनची खिडकी ही तिची आयुष्यातली पहिली ऑफिसची खिडकी असते. तिथली गर्दी तुला माहितीच आहे. हातात आयकार्डची झेरॉक्स, फीची पावती, आधार. घामाने कागद ओले झालेले. आतून आवाज येतो, ‘कुठून कुठे? मासिक की त्रैमासिक?’ आणि ती वळून तुझ्याकडे बघते.

तू उत्तर द्यायचं नाहीस.

मागची रांग कुरकुरायला लागेल, काका पुन्हा विचारतील, तुझ्या ओठांवर उत्तर आलेलं असेल. तरी थांब. मान हलवून ‘सांग की’ एवढंच म्हण. ती घोगऱ्या आवाजात सांगेल, ‘सफाळे ते वसई रोड, त्रैमासिक.’ झालं. पुढच्या वेळी तिला तू लागणार नाहीस, आणि कदाचित तिच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या नवख्या मुलीला तीच सांगेल, शिक्का बघून घे, सही राहिली तर स्टेशनवरून परत पाठवतात. मला पहिल्या वर्षी एका सीनियर ताईने अशीच खिडकीपाशी नेऊन उभी केली होती. तेव्हा तिचा थोडा रागच आला होता. आज ऑफिसात कुठल्याही टेबलापुढे मी ताठ उभी राहते, त्याची सुरुवात त्या खिडकीपाशी झाली असं मी मनापासून मानते.

पैशांच्या बाबतीत मात्र आठवण करायला कचरू नकोस. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की लगेच विचार, अर्ज भरला का. इथे मुली लाजेपोटी मागे राहतात. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, यांपैकी एक जरी राहिलं तरी अर्ज अडतो, आणि दाखला काही एका दिवसात हातात पडत नाही. म्हणून मुदत संपायच्या आठवड्यात धावण्यापेक्षा प्रवेश झाला की लगेच दाखल्यांचं बघायला लाव. मुलींच्या फीमाफीबद्दलही सगळ्या विचारतील. जुलै २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना तो लागू आहे. ‘सगळ्या मुलींना सगळं फुकट’ असं कुणी सांगितलं असेल तर त्यावर विसंबून घरचं गणित मांडू देऊ नकोस. आणि हो, कुणाच्या घरी किती पैसे येतात हे सहा जणींसमोर कधीच विचारायचं नाही. एकेकीला, बाजूला घेऊन.

अभ्यासाच्या बाबतीत तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही. नवीन शैक्षणिक धोरणाची रचना आपल्याकडच्या पदवी कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सत्राला बावीस क्रेडिट्स. मी शिकले तेव्हा यातलं काही नव्हतं. त्यामुळे ‘आमच्या वेळी असं होतं’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्या मोठ्या बहिणींचा इथे उपयोग नाही. तू त्या वाटेने नुकतीच चालून आलीस. कुठला ओपन इलेक्टिव्ह निवडल्यावर वेळापत्रकात भलती मोठी फट पडते, कुठली इंटर्नल बुडवली तर नंतर हात चोळत बसावं लागतं, हे तुलाच ठाऊक. ते मोकळेपणाने सांग. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियमही पहिल्याच महिन्यात सांग. फेब्रुवारीत सांगून काय उपयोग?

भाषेचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या महिन्यात इंग्रजी लेक्चर म्हणजे नुसता आवाज वाटतो. ती वहीत फळ्यावरचं सगळं उतरवते, कळत काहीच नाही, आणि ‘मी ढ आहे’ असा निकाल स्वतःच लावून टाकते. तिला ‘इंग्रजी पेपर वाच’ असा उपदेश करू नकोस, तो तिने दहा जणांकडून ऐकलेला असतो. लायब्ररीत अर्धा तास तिच्या शेजारी बस. त्या दिवसाच्या लेक्चरमधले पाच-सात शब्द काढा. तेवढ्यांचाच अर्थ तिच्या भाषेत तिला लिहू दे. दुसऱ्या दिवशी तेच शब्द वर्गात कानावर पडले की तिचा चेहरा बघ. कला आणि वाणिज्य शाखेत बऱ्याच विषयांची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते, हेही पुष्कळ मुलींना माहीत नसतं. आपल्या विषयाचं काय, ते विभागात जाऊन विचार म्हणावं. तिने विचारायचं, तू नाही.

आणि विचारपूस कशी करायची? ‘कशी आहेस? सगळं ठीक ना?’ यावर जगातली प्रत्येक पहिल्या वर्षाची मुलगी ‘हो ताई’ म्हणते. त्या उत्तराला अर्थ नसतो. बारीक प्रश्न विचार. ‘काल शेवटच्या लेक्चरला कुणाशेजारी बसलीस?’ असं विचारलंस की ती क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘एकटीच होते.’ किंवा, ‘बसले नाही, लवकर गेले.’ ‘का गं?’ ‘असंच.’ या ‘असंच’पाशी घाई करू नकोस. कॅन्टीनमधून दोन चहा आण. चहा संपेपर्यंत ती सांगेल तर सांगेल, नाहीतर पुढच्या आठवड्यात. तुझं काम एवढंच, की तिला दिसत राहायचं. ती बोलणार तुझ्याशीच, पण तिच्या सवडीने.

आता थोडं मोठं बोलते, कारण तू मेसेजच्या शेवटी लिहिलंयस, ‘ताई, मला लीडर व्हायचंय.’ लीडर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेज, माईक आणि बॅनरवरचा फोटो येतो. आपल्याच जिल्ह्यात वेगळं काहीतरी घडून गेलंय, ते तुला माहीत असायला हवं.

डहाणू तालुक्यात बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या घडल्या होत्या. त्या दोघांचा नूतन बालशिक्षण संघ १९२६ मध्येच उभा राहिला होता. म्हणजे नाव झालेली बाई. त्या कामात त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ, वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत वैधव्य आलं. तिथून शिकून उभ्या राहिल्या, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. ते सोडून त्या समुद्रकाठच्या या खेड्यात आल्या.

बालवाडी उघडली खरी, पण वस्तीतली मुलं येईनात. आईबाप मजुरीला, घरी धाकटं भावंड सांभाळायचं, कोण येणार? तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्या वस्तीत गेल्या, मुलांच्या अंगणात शाळा भरवली. आज देशभर जिथे जाशील तिथे दिसणाऱ्या अंगणवाडीची पाळंमुळं आपल्या या किनाऱ्यावर आहेत. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचं, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे रानात. मग शिक्षकच कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने उठून जायचं, इतका सरळ विचार. मी वर म्हणाले ना, उठून तिच्यापर्यंत जावं लागतं, ते मी या दोघींकडून घेतलंय.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती या दोघींची सोबत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बरोबरीने काम केलं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, आणि अनुताईंनी ते काम १९९२ मध्ये स्वतः जाईपर्यंत चालवलं, वाढवलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मधल्या काळात, पन्नाशी उलटल्यावर, त्या पदवीधरही झाल्या. गिजुभाईंकडून ताराबाई, ताराबाईंकडून अनुताई. प्रत्येकाने हातातलं काम पुढच्याच्या हातात देताना ते कमी होऊ दिलं नाही. ताराबाई किती मोठ्या होत्या हे मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा अनुताईंकडे बघून जास्त पटतं. अनुताईंचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र लायब्ररीतून काढून वाच. आणि एखाद्या रविवारी सहा जणींना घेऊन डहाणू लोकल पकड, कोसबादला जाऊन या. सफाळ्याच्या मुलीला त्या दिवशी वाट दाखवू दे.

तू विचारशील, त्या थोर बायका, मी सेकंड इयरची मुलगी, माझा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चक्क नियमात लिहिलेला आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय कॉलेजात रॅगिंगने एका विद्यार्थ्याचा जीव घेतला, देश हादरला, आणि त्याच वर्षी यूजीसीने देशभरासाठी नियम केले. त्यातली शिक्षेची कलमं सगळ्यांना ठाऊक असतात, प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र भरून घेतात ना, ती. पण त्याच नियमांत मेंटॉरिंग सेलचंही कलम आहे. दर वर्षाच्या अखेरीस कॉलेजने स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांचा गट करायचा; पुढच्या वर्षी येणाऱ्या दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक मेंटॉर. जितकी वर्षं तितक्या पायऱ्या. म्हणजे तुला सहाच मुली मिळाल्या हा योगायोग नाही. सीनियरने ज्युनियरला छळू नये एवढ्यावर हा नियम थांबत नाही. सीनियरने ज्युनियरला हात द्यावा, आणि तो देताना सीनियरही एकटा पडू नये, इतकी काळजी त्यात घेतली आहे. मला हे कलम फार आवडतं, आणि ते कितीतरी ठिकाणी नुसतं कागदावर राहतं याचं वाईटही तितकंच वाटतं.

याचा तुझ्यापुरता अर्थ असा, की तुझ्या वरही कुणीतरी असायला हवं. तिसऱ्या वर्षाची कोण आहे तुझ्यासाठी? नसेल तर मॅडमना आजच विचार. कारण सहा जणींचं ऐकता ऐकता तुझ्याच मनावर ओझं साठत जाईल. रात्री साडेअकराला फोन येईल, समोरून रडण्याचा आवाज. पहिल्यांदा तू दोन वाजेपर्यंत बोलशील, मोठेपणा वाटेल. चौथ्या वेळेपर्यंत तुझं लेक्चर बुडायला लागेल. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाक, दहानंतर फक्त अडचणीचा फोन. त्यात कोरडेपणा काही नाही. तू दमून गेलीस तर त्या सहा जणींना कोण आहे?

आणि काही गोष्टी तुझ्या आवाक्यातल्या नाहीत, हे पक्कं समजून घे. कुणी रॅगिंग करतंय, कुणी नको तिथे हात लावतंय, घरी मारहाण होतेय, घाईघाईने लग्न ठरवतायत, किंवा ‘जगून काय करू’ असं एखादी बोलून गेली, तर ते पोटात ठेवायचं नाही. ‘शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस’ असं ती म्हणेल. ती शपथ घेऊ नकोस. तिला सांग, ‘मी गावभर करणार नाही, पण जिच्याकडे उपाय आहे तिच्याकडे तुला घेऊन जाणार.’ मग मॅडम, महिला विकास कक्ष, अंतर्गत तक्रार समिती, जे असेल तिथे तिच्याबरोबर जा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, मन फार खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६, आणि तातडीच्या वेळी ११२, हे तीन नंबर सहा जणींच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी सेव्ह करून घे. जिवावर बेतल्यासारखं वाटलं तर रात्रीच्या दहाचा नियम मोडायचा, आणि तिला एकटी सोडायची नाही.

दिवाळीनंतर मात्र हळूहळू एक पाऊल मागे घ्यायला लाग. हे सगळ्यांत अवघड, कारण तोपर्यंत ‘ताई, ताई’ ऐकायची सवय लागलेली असते, आणि ती गोड असते. सहा जणींचा डबा आता कुठे आणि किती वाजता, हे त्यांना ठरवू दे. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला जाणार असाल तर एखाद्या दिवसाची स्वयंपाकघराची जबाबदारी अर्नाळ्याच्या मुलीला दे. घरात रोज पाच माणसांचं बघणारी ती मुलगी पन्नास जणांच्या भाताचा अंदाज तुझ्यापेक्षा नेमका घेईल. श्रमदानाच्या दिवशी गावकऱ्यांशी बोलायला पारोळच्या मुलीला पुढे कर. वर्गात तोंड न उघडणारी ती मुलगी पाड्यावरच्या आजीशी कशी बोलते ते ऐक. आणि नंतर मॅडम तुला ‘छान केलंस’ म्हणाल्या तर तिथल्या तिथे त्या मुलींचं नाव घे. तू नेता झालीस की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे: तुझ्या गैरहजेरीत त्या सहा जणी भेटतात का, आणि भेटल्यावर काही ठरवतात का.

एखादी गळेल, हेही सांगून ठेवते. सहातली एक तरी कॉलेज सोडेल, किंवा ग्रुपमधून निघून जाईल, किंवा तुझ्याशी बोलायची बंद होईल. तिच्या घरी एकदा जाऊन ये, शक्य असेल तर मॅडमना घेऊन. पुष्कळदा कारण फीचं किंवा प्रवासाचं असतं, आणि त्यावर तोडगा निघू शकतो. नाही निघाला तरी तिचा नंबर काढून टाकू नकोस. पुढच्या जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतात, तेव्हा फोन कर.

आणि आता एक काम. हे वर्ष संपायच्या आत, परीक्षांच्या गडबडीआधी, तुझ्या सहांपैकी ज्या तयार असतील त्यांची नावं एका कागदावर घे आणि मॅडमना घेऊन प्राचार्यांकडे जा. यूजीसीच्या २००९ च्या नियमांतलं मेंटॉरिंग सेलचं कलम दाखवा आणि पुढच्या वर्षीची यादी एप्रिलमध्येच लावायची विनंती करा: सहा जणींमागे एक, आणि सहा मेंटॉरांमागे एक. तुझं नाव दुसऱ्या पायरीवर लिही. तुझ्या मुलींची पहिल्या.